परक्या घरचे ऊस-गणित

सोमेश्वरनगरच्या बाजूला कधी गेला असाल, तर नीरेच्या डाव्या कालव्याच्या आधाराने पसरलेला ऊस तुम्ही पाहिला असेलच. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात होते आणि तोडीला सोळा ते अठरा महिने लागतात. पाण्याची एखादी पाळी चुकली तर उत्पन्न किती घटेल, हे शेतात पाहायचे तर दीड वर्ष थांबावे लागते. तोच ऊस संगणकात ‘वाढवला’, तर उत्तर काही क्षणांत मिळते. रोजचे तापमान, ऊन, पाऊस आणि जमिनीतला ओलावा यांवरून पाने, कांडी व साखर यांचा दिवसागणिक हिशेब करणाऱ्या अशा समीकरणांच्या संचाला प्रतिमान, म्हणजेच मॉडेल म्हणतात.

उसाचे असे एक प्रसिद्ध प्रतिमान आहे ‘कॅनेग्रो’. ते दक्षिण आफ्रिकेत, दरबानजवळच्या माउंट एजकोंब येथील ऊस संशोधन केंद्रात तयार झाले. दुसरीकडे गहू, मका, सोयाबीन, भुईमूग अशा पिकांची प्रतिमाने एकत्र नांदवणारा ‘डीएसएसएटी’ नावाचा आज्ञावली-संच १९८९ मध्ये बाहेर पडला होता. पुढे कॅनेग्रो या संचात आणले गेले. ‘आणले’ म्हणजे काय केले? फाइल उचलून ठेवली की झाले, असे तुम्हाला वाटेल. तसे नसते.

पहिली अडचण जमिनीची. पिकाच्या प्रतिमानाला माती लागतेच, म्हणून स्वतंत्रपणे लिहिलेले प्रतिमान आपली माती बरोबर घेऊन येते. यजमान संचाकडेही माती असते. आता विहीर एक आणि हिशेबनीस दोन! समजा, मुळांच्या थरात पिकाला घेता येण्याजोगे ६० मिलिमीटर पाणी आहे आणि ऊस रोज ५ मिलिमीटर वापरतो. पाणी बारा दिवस पुरेल. पण ही वजाबाकी दोघांनीही एकाच खात्यातून केली, तर संगणक सहाव्या दिवशीच सांगेल, ‘जमीन कोरडी, ६० मिलिमीटर पाणी द्या.’ प्रत्यक्षात ३० मिलिमीटर शिल्लक असते. म्हणजे एकरी सुमारे १ लाख २१ हजार लिटर पाणी मुळांखाली झिरपणार. कालव्याखालच्या भारी जमिनी जादा पाण्याने कशा खारवटतात, हे नीरा खोऱ्यातल्या मुलांना वेगळे सांगायला नको. डीएसएसएटीची नवी मांडणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात यावर उपाय आहे: माती आणि हवामान सर्वांना सामाईक, पिकांची प्रतिमाने तेवढी वेगळी.

दुसरी अडचण एककांची; आणि इथे पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला जरा चेव येतो. जुन्या नोंदींत दिवसभराचे ऊन दर चौरस सेंटिमीटरला ५०० कॅलरी असे लिहिलेले सापडते. डीएसएसएटीला ते दर चौरस मीटरला मेगाज्यूलमध्ये हवे असते. तेच ऊन तिथे सुमारे २१ होते. न बदलता ५०० भरले तर? सौर स्थिरांक आठवा: १.३६ किलोवॅट दर चौरस मीटर. वातावरणाबाहेर सूर्य चोवीस तास डोक्यावर ठेवला, तरी बेरीज ११८ मेगाज्यूलच्या पुढे जात नाही. ५०० हा आकडा पाहताच हात थांबला पाहिजे. एकदा असा आकडा माझ्याच हातून गेला होता; तो पकडला अकरावीच्या एका मुलीने.

मोटारींच्या धंद्यात इंजिनाचे प्रतिमान एकाचे, ब्रेकचे दुसऱ्याचे, असे नेहमीच असते. त्यांच्यासाठी २०१० मध्ये युरोपात ‘एफएमआय’ हा सामाईक प्रमाण-नियम निघाला. प्रतिमानाबरोबर एक यादी द्यायची: कोणत्या राशी आत जातात, कोणत्या बाहेर येतात, त्यांची एकके कोणती. भिंतीतल्या सॉकेटला प्लग बसावा, तसे हे काम.

जोडणी झाली की दोन परीक्षा घ्यायच्या, आणि त्यांची गल्लत करायची नाही. तीच माहिती मूळ प्रतिमानाला व जोडलेल्या प्रतिमानाला द्यावी. उत्तरे जुळली तर जोडणी बरोबर. पण त्यावरून आपल्या शेतातला ऊस तसाच वाढेल, हे सिद्ध होत नाही. कॅनेग्रोची घडण मुख्यतः ‘एनको ३७६’ या आफ्रिकेतल्या वाणावर झाली. गंमत अशी, की त्या नावातला ‘को’ म्हणजे आपले कोईमतूर. बी इथून गेले आणि निवड नेटालमध्ये झाली! तरीही आपल्याकडच्या को ८६०३२, म्हणजे ‘नीरा’ वाणासाठी प्रतिमानातले गुणांक नव्याने ठरवावे लागतात. त्यासाठी पाने मोजावी लागतात, कांड्या कापून तोलाव्या लागतात. सोमेश्वरनगरहून नदी ओलांडली की जवळच असलेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात १९३२ पासून उसावर प्रयोग होत आले आहेत.

तुम्हीही एक मोजणी करून पाहा. दिवसाचे कमाल व किमान तापमान घ्या, सरासरी काढा आणि १० अंश सेल्सिअस वजा करा. कमाल ३२, किमान १८ असेल तर उरतात १५ ‘अंश-दिवस’. उसाच्या एका टिपरीला खूण करा, रोजची बेरीज वहीत मांडा आणि नवे पान कितव्या अंश-दिवसाला उलगडले ते लिहून ठेवा.