शिकलेला कोळसा

मित्रांनो, गोबरगॅसला सडक्या अंड्यासारखा वास का येतो, ते तुम्हाला ठाऊक आहे काय? मला नव्हते. माझे आप्पा एका मोठ्या गोठ्यावर कामाला आहेत. तिथे शेणाच्या गॅसवर इंजिन चालते व वीज तयार होते. मी आप्पांना विचारून ही माहिती लिहिली आहे.

शेण बंद टाकीत कुजले की गॅस होतो. त्यात निम्म्याहून जास्त मिथेन असतो. तोच जळतो. बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. आणि अगदी थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. घाण वास त्याचाच. थोडा असला तरी तो लई वाईट. तो विषारी आहे आणि धातू खातो.

गेल्या उन्हाळ्यात त्याने इंजिनाचे बुश खाल्ले. इंजिन बंद पडले. दुरुस्तीसाठी पाइपाचा जोड उघडला, तेव्हा आप्पांना आधी खूप वास आला, मग येईनासा झाला. त्यांना वाटले, गॅस गेला. पण त्यांचे डोके गरगरायला लागले. सोबतच्या माणसांनी त्यांना मोकळ्या हवेत आणले. डॉक्टर म्हणाले, "गॅस गेला नव्हता. तुमचे नाक बधिर झाले होते." त्या रात्री आई जेवली नाही.

मग तिथे दोन ड्रम बसवले. त्यांत काळे दाणे भरले. मी म्हटले, "आप्पा, हा तर चुलीतला कोळसा!" ते हसून म्हणाले, "न्हाई गं, ह्यो शिकलेला कोळसा हाय."

नारळाच्या करवंटीचा कोळसा करतात. तो 800 ते 1000 अंश सेल्सिअसच्या वाफेत तापवतात. मग त्याला आतून खूप बारीक भोके पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. चांगल्या कोळशाच्या 1 ग्रॅममधल्या भोकांच्या भिंती पसरल्या तर सुमारे 1000 चौरस मीटर, म्हंजे 10 गुंठे जागा होते! नंतर तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात भिजवून वाळवतात. हीच त्याची शाळा.

ड्रममधून गॅस जाताना हायड्रोजन सल्फाइड त्या भोकांत अडकतो. गॅसमध्ये थोडा ओलावा आणि मोजून अगदी थोडी हवा असते. हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचे गंधक आणि पाणी होते. गंधक भोकांत बसते आणि मिथेन पुढे जातो. भोके भरली की कोळशाचे पोट भरले. मग तो बदलावा लागतो.

पोट भरलेले कसे कळते? आप्पांनी तांब्याच्या दोन तारा घासून पाइपात ठेवल्या. एक ड्रमच्या आधी, एक नंतर. आधीची काळी पडली. नंतरची अजून चकचकीत आहे. ती काळी पडू लागली की कोळसा बदलायचा.

पण तेव्हा मुलांनी जवळ जाऊ नये. वापरलेला कोळसा हवा लागल्यावर तापतो, कधी पेटतोही.

मित्रांनो, गोबरगॅसच्या टाकीत किंवा खड्ड्यात कधी उतरू नका. चेंडू पडला तर पडू द्या. आणि वास गेला म्हणजे धोका गेला, असे समजू नका. नाक फसते, पण तांब्याची तार फसत नाही.

— इयत्ता चौथी