पूर, ऊन, सर्पदंश : घरच्या कुत्र्याची पिशवी तयार आहे का?

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत बीड जिल्ह्यात सिंदफणा, गोदावरी आणि मांजराकाठच्या अनेक गावांत पाणी शिरले. अशा वेळी लेकरे, कागदपत्रे, चीजवस्तू घेऊन माणसे बाहेर पडतात. शेतवस्तीवरचा कुत्रा मात्र साखळीलाच राहतो. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही आणि पोहताही येत नाही. म्हणून पाणी वाढू लागले की पहिले काम साखळी सोडण्याचे. दुसरे, आधीच भरून ठेवलेली पिशवी उचलण्याचे.

पिशवीत काय ठेवाल?

• पाणी : १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला अर्धा ते एक लिटर लागते. तीन दिवसांसाठी तीन लिटर ठेवा.
• खाणे : नेहमीचेच कोरडे खाद्य, हवाबंद डब्यात. सोबत एक भांडे.
• कागद : लसीकरणाचे कार्ड आणि कुत्र्याचा फोटो. दोन्हींचे फोटो मोबाइलमध्येही ठेवा.
• पट्टा : जादा पट्टा व दोरी. पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर लिहा.
• प्रथमोपचार : कापूस, बँडेज, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन, कात्री, गोचीड काढायला चिमटा, साबण, टॉवेल.
• औषधे : चालू असलेली गोळी, डॉक्टरांची चिठ्ठी.

जखमी कुत्रा मालकालाही चावू शकतो. मलमपट्टीआधी तोंडाला बँडेज सैलसर बांधा. मात्र त्याला धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर बांधू नका. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

हे करू नका

माणसांची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊ नका. ती कुत्र्याला विषारी ठरू शकतात. साप चावल्यास जागा कापू नका, आवळून बांधू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून पशुवैद्यकाकडे न्या. त्यावर उपाय सर्पविषरोधक इंजेक्शनचाच.

उन्हाळ्यात काय?

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. धाप थांबेना, लाळ गळू लागली, तोल जाऊ लागला तर उष्माघात समजा. सावलीत नेऊन पोट आणि पायांवर साधे पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात न्या.

लस का महत्त्वाची?

पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते. त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो माणसालाही होऊ शकतो. म्हणून रेबीजसोबत याही लसीबद्दल डॉक्टरांना विचारा.

मदत कुठे?

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबरही पिशवीवरच लिहा.

पिशवी दाराजवळ, उंचावर टांगा. मृग लागण्याआधी आणि उन्हाळा सुरू होताना ती उघडून मुदत संपलेल्या वस्तू बदला. ती कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे.