गवत कापण्याच्या यंत्राचा धूर

पावसाने उघडीप दिली की बेळगावाकडच्या शाळांच्या मैदानांवर गवत गुडघ्यापर्यंत आलेले असते, आणि कित्येक महिने अडगळीच्या खोलीत पडलेले गवत कापण्याचे यंत्र बाहेर निघते. दोरी ओढावी, इंजिनाने दोनदा खोकावे आणि पाहता पाहता सारे आवार धुराने भरावे, हा अनुभव पुष्कळ संस्थांना आहे. मग घाईने इंजिन खोलले जाते. आमचे म्हणणे असे की, पाना हाती घेण्यापूर्वी धुराचा रंग पाहावा. बहुधा दोष इंजिनाच्या पोटात नसतोच.

पेट्रोल हवेशी योग्य प्रमाणात मिसळून जळाले म्हणजे मुख्यतः कार्बन डायॉक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. गार सकाळी पहिले मिनिटभर दिसणारा विरळ पांढरा धूर ही ती वाफच होय. इंजिन तापले की तो जातो. त्याची काळजी नको.

काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक व हवा कमी. कंदिलाची वात वाजवीपेक्षा वर चढविली की काच काळी होते, तोच हा प्रकार. चोक ओढलेला राहिला आहे काय ते प्रथम पाहावे. नंतर एअर फिल्टर काढावा. तो स्पंजाचा असल्यास कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन, पुरता वाळवून, तेलाचे थोडे थेंब लावून पिळावा. कागदी असल्यास पाणी लावू नये. हलकेच झटकावा, नाहीतर बदलावा. एवढ्यानेही धूर न थांबल्यास कार्ब्युरेटरमधील फ्लोटची सुई कचऱ्याने अडकली असण्याचा संभव असतो. या काळ्या धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू पुष्कळ येतो, आणि त्याला ना रंग ना वास. म्हणून यंत्राची परीक्षा बंद खोलीत कधीही करू नये. यंत्रामागे तासन्‌तास चालतो तो शाळेचा शिपाई, हे चालकांनी ध्यानात ठेवावे.

निळसर दाट धूर मात्र तेलाचा. तेलाची जागा पिस्टनच्या खाली. ते वर चढून जळू लागले की असा धूर येतो. लोक लगेच म्हणतात, रिंगा गेल्या. आमच्या माहितीतील एका शाळेला एका कारागिराने इंजिन बोअर करण्याचा खर्च सांगितला होता. डिपस्टिक पाहिली तर तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर! जादा तेल काढताच थोड्या वेळाने धूर थांबला. मागे चालण्याच्या साध्या यंत्रात तेल मावते सुमारे अर्धा लिटर. त्यात शंभर मिलिलिटर जादा म्हणजे थोडे नव्हे. यंत्र सपाट जागी ठेवून, इंजिन बंद असताना तेल मोजावे. काही यंत्रांत डिपस्टिक आटे फिरवून पुरती बसवावयाची असते, काहींत नुसती टेकवावयाची. ते यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे.

दुसरे कारण त्याहून साधे. पाते साफ करण्यासाठी यंत्र भलत्या कुशीवर आडवे केले की तेल सिलिंडरमध्ये किंवा फिल्टरमध्ये उतरते. आडवे करताना कार्ब्युरेटर व फिल्टरची बाजू वर ठेवावी, आणि त्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढावी. पात्याला हात लावण्यापूर्वी तर ती काढलीच पाहिजे. असे आत गेलेले तेल काही मिनिटांत जळून जाते. दोरीच ओढली जात नसेल तर जोर करू नये. पिस्टनवर तेल साचलेले असू शकते. प्लग काढून, तोंड बाजूला ठेवून दोरी सावकाश ओढावी, म्हणजे ते बाहेर पडते.

तेलाची पातळी आपोआप वाढली आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल खाली झिरपत आहे असे समजावे. असे यंत्र चालवू नये. आधी गळती थांबवावी, मग तेल बदलावे.

टू स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलातच मिसळतात, तेव्हा थोडा निळा धूर तेथे स्वाभाविक आहे. पन्नासास एक प्रमाण सांगितले असेल तर लिटरला 20 मिलिलिटर तेल पुरे. अंदाजाने ओतणाऱ्यांचा हात नेहमी सैल असतो.

हे सारे पाहूनही निळा धूर रोज येतो, तेल घटते, प्लग तेलकट काळा होतो आणि उंच गवतात इंजिन दम सोडते, तर मात्र झीज खरी. तेव्हाही हेड गॅस्केट फाटले आहे काय ते आधी पाहण्यास सांगावे, कारण ते रिंगांहून स्वस्तात होते. रिंगा व बोअर करण्याची पाळी आलीच, तर नव्या इंजिनाची किंमत विचारल्याशिवाय होकार देऊ नये.