जुन्या कॉमिक्सचे मेळे आणि स्वस्त खरेदीचें शास्त्र

जुन्या वस्तूंच्या बाजारांत हिंडण्याचा नाद मनुष्यास फार पूर्वीपासून आहे. कोणी जुनीं नाणीं शोधतो, कोणी टपालाचीं तिकिटें, तर कोणी पितळेचीं भांडीं. या नादाचें एक अगदीं अर्वाचीन रूप अमेरिकेंत पाहावयास मिळतें. तें म्हणजे कॉमिक्सच्या, अर्थात् चित्रकथांच्या, शौकिनांचे मेळे. १९६४ च्या जुलै महिन्यांत न्यूयॉर्क शहरीं असा एक लहानसा मेळा भरला. पुढें १९७० च्या ऑगस्टांत सॅन डिएगो येथील एका हॉटेलांत तीन दिवसांचा मेळा झाला, त्यास सुमारें ३०० माणसें आलीं होतीं. तोच मेळा आज 'कॉमिक-कॉन' या नांवानें जगप्रसिद्ध असून त्यास १ लक्ष ३० हजारांच्या आसपास लोक लोटतात. चित्रपट-कंपन्यांचे दिपवून टाकणारे देखावे, नटनटींचीं दर्शनें, आवडत्या वीरांचे वेष घेऊन फिरणारे तरुण, असा सर्व थाट तेथें असतो. तथापि सभागृहाच्या एका भागांत पुठ्ठ्याच्या लांबट पेट्या मांडून बसलेले व्यापारी अद्यापि दिसतात, आणि त्या पेट्यांवर वांकून एकेक अंक चाळणारे शौकीनहि दिसतात. या लोकांस अल्प किंमतींत मोलाची वस्तु कशी सांपडते, आणि पुष्कळांस ती कां सांपडत नाहीं, हा प्रश्न मोठा बोधप्रद आहे.

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. वस्तु जुनी म्हणून ती मौल्यवान, असें बहुतेकांस वाटतें. तें खरें नाहीं. किंमत ठरते ती तीन गोष्टींवरून. वस्तु किती थोडी उरली आहे, ती किती जणांस हवी आहे, आणि ती कोणत्या स्थितींत आहे. यांपैकीं एक जरी गोष्ट नसली, तरी केवळ वयास बाजारांत मोल नाहीं.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे 'ॲक्शन कॉमिक्स' या मासिकाचा पहिला अंक. त्यावर जून १९३८ ही तारीख असून किंमत अवघी १० सेंट होती. सुपरमॅन हा वीर याच अंकांत प्रथम अवतरला. त्या काळच्या मुलांनीं हे अंक वाचले, दुमडले, मित्रांस दिले आणि टाकून दिले. त्यांतच दुसऱ्या महायुद्धांत रद्दी कागद गोळा करण्याची देशव्यापी मोहीम निघाली आणि असंख्य अंक लगद्यांत गेले. ज्या वस्तूस कोणी जपलें नाहीं, तीच पुढें दुर्मिळ झाली. या अंकाची एक सुस्थितींतील प्रत १९२४ नव्हे, अगदीं अलीकडे २०२४ सालीं, लिलावांत ६० लक्ष डॉलरांस विकली गेली.

आतां याची दुसरी बाजू पाहावी. १९९१ सालीं 'एक्स-मेन' या मालिकेचा नवा पहिला अंक निघाला. तो पांच वेगवेगळ्या मुखपृष्ठांनिशीं छापला होता आणि त्याच्या ८० लक्षांहून अधिक प्रति गेल्या. पुढल्याच वर्षीं सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवींत बंद करून विकला गेला. आंत दंडावर बांधावयाची काळी फीतहि होती. लोकांनीं दुकानांपुढें रांगा लावल्या. मुलांच्या शिक्षणाची सोय होईल, अशा आशेनें कित्येकांनीं एकाच अंकाच्या अनेक प्रति घेऊन न उघडतां कपाटांत ठेवल्या. परंतु सर्वांनींच जपून ठेविलेली वस्तु दुर्मिळ होणार कशी? सट्ट्याचा हा फुगा लवकरच फुटला. पुष्कळ दुकानें बंद पडलीं, आणि डिसेंबर १९९६ मध्यें खुद्द मार्व्हल कंपनीस दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. ते अंक आज मेळ्यांत अगदीं किरकोळ दरानें मिळतात. नफ्याच्या लोभानें घेतलेल्या वस्तूची ही गति, आणि मुलांनीं केवळ आनंदानें वाचून फाडलेल्या अंकाची ती गति, हा विरोध लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

मग मेळ्यांत स्वस्ताई उत्पन्न कशी होते? तिचें कारण व्यापाऱ्याच्या हिशेबांत आहे. त्यास जागेचें भाडें भरावें लागतें, गाडीचा खर्च येतो, परगांवीं राहण्याचा खर्च येतो. कॉमिक्सच्या एका लांब पेटींत दोन-अडीचशें अंक मावतात आणि ती भरली कीं एका माणसास उचलतांना कष्ट पडतात. अशा पन्नास पेट्या आणलेल्या माणसास त्या परत नेणें नकोसें वाटतें. म्हणून शेवटच्या दिवशीं दुपारनंतर भाव उतरूं लागतात. पहिल्या दिवशीं निवड मोठी आणि भाव ताठ, शेवटच्या दिवशीं भाव नरम परंतु उत्तम माल गेलेला, असा हा व्यवहार आहे. जाणता शौकीन पहिल्या दिवशीं सर्व टेबलें फिरून पाहतो, दुर्मिळ वस्तु दिसल्यास तेव्हांच घेतो, आणि साधारण वस्तूंसाठीं अखेरपर्यंत थांबतो.

दुसरें कारण म्हणजे व्यापाऱ्याचा अपुरा वेळ. उत्तम अंक तो निवडून मागील भिंतीवर टांगतो. बाकीचे सहस्रावधि अंक सरसकट एक डॉलर दराच्या पेट्यांत टाकतो. त्यांतील प्रत्येक अंक तपासणें त्यास परवडत नाहीं. एखादें गौण पात्र ज्या अंकांत प्रथम आलें, तो अंक वर्षानुवर्षें अशा पेटींत पडून असतो. त्या पात्रावर चित्रपट निघणार अशी वार्ता आली कीं त्याचीच मागणी एकाएकीं वाढते. ज्याचें वाचन दांडगें, त्याच्या दृष्टीस तो आधीं पडतो. १९७० पासून रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची दरसूचि प्रसिद्ध होत आली आहे. तिच्या आधारानें आणि आपल्या संग्रहांत न्यून असलेल्या अंकांची यादी खिशांत घेऊन जो जातो, त्याचा पैसा सत्कारणीं लागतो. यादीवांचून गेलेला मनुष्य स्वस्त म्हणून शंभर अंक घेऊन घरीं येतो आणि त्यांतले नव्वद त्यास नको असतात. अशी खरेदी शेवटीं महागच पडते. शिवाय प्रवेशाचें तिकीट आणि प्रवासखर्च हाहि त्या स्वस्त वस्तूच्या किंमतींतच धरला पाहिजे. याच कारणास्तव पुष्कळ संग्राहक विराट मेळ्यांपेक्षां गांवोगांवच्या लहान, एकदिवसीय मेळ्यांस जाणें पसंत करतात.

आतां पारखेविषयीं. अंक हातीं घेतल्यावर मुखपृष्ठ सुटलेलें आहे काय, टांचण्या गंजल्या आहेत काय, कणा दुमडला आहे काय, हें तर पाहावेंच. परंतु विक्रेत्याची परवानगी घेऊन पानेंहि मोजावीं. १९७४ सालच्या 'इन्क्रेडिबल हल्क' च्या १८१ व्या अंकांत वुल्व्हरीन या पात्राचें पहिलें पूर्ण दर्शन घडतें, म्हणून त्यास फार मागणी आहे. त्या काळीं मार्व्हलच्या अंकांत कापून चिकटविण्यासाठीं एक लहानसें चित्र-तिकीट छापलेलें असे. मुलांनीं तीं तिकिटें हौसेनें कापलीं. त्यामुळें बाहेरून निर्मळ दिसणाऱ्या प्रतीच्या आंतील पानास खिडकी पडलेली असूं शकते, आणि तेवढ्यानें तिचें मोल पुष्कळ घटतें. ज्यास संग्रह नव्हे तर केवळ कथा हवी आहे, त्याला मात्र अशीच दोषयुक्त प्रत लाभदायक होय. फाटक्या मुखपृष्ठाखालीं कथा संपूर्ण असते आणि किंमत अल्प असते.

२००० सालापासून सीजीसी ही संस्था १० गुणांच्या मापानें अंकांची प्रतवारी करून ते पारदर्शक प्लास्टिकच्या कवचांत बंद करून देते. डागडुजी न केलेल्या प्रतीस निळी आणि डागडुजी केलेल्या प्रतीस जांभळी चिठ्ठी लावण्याचा तिचा प्रघात आहे. कवचांतील अंकाविषयीं खात्री वाटते खरी, पण तो वाचतां येत नाहीं.

फसवणुकीचे प्रकारहि जाणून घेतले पाहिजेत. १९७४ सालीं डीसी कंपनीनें 'ॲक्शन कॉमिक्स' च्या त्या पहिल्या अंकाचें एक मोठ्या आकाराचें पुनर्मुद्रण काढलें. त्यास पुनर्मुद्रण असल्याचें सांगणारें निराळें बाहेरचें वेष्टन होतें; तें काढून टाकलें कीं आंतील मुखपृष्ठ मूळ अंकासारखेंच दिसतें. कित्येकांनीं त्या प्रति मूळ म्हणून विकल्या. परंतु मूळ अंक नेहमींच्या मासिकाच्या आकाराचा आहे, आणि हें पुनर्मुद्रण त्याहून बरेंच मोठें आहे. केवळ एक फूटपट्टी जवळ असती, तर कित्येकांचा पैसा वांचला असता.

खेळण्यांची कथा याहून मनोरंजक आहे. १९७७ सालीं 'स्टार वॉर्स' हा चित्रपट अनपेक्षितपणें गाजला आणि केनर या खेळण्यांच्या कंपनीजवळ नाताळासाठीं मालच तयार नव्हता. तेव्हां तिनें रिकाम्या पाकिटासारखें एक वेष्टन विकलें. त्यांतील चिठ्ठी पाठविणाऱ्यास पुढील वर्षीं चार बाहुल्या टपालानें यावयाच्या होत्या. 'झांकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण याहून अधिक चपखल कोठें लागूं पडेल? पुढें आलेल्या पहिल्या बारा बाहुल्यांत जावा नांवाच्या बुटक्या पात्राचा डगला आरंभीं विनाईलचा होता. लवकरच तो कापडी केला गेला. म्हणून विनाईलच्या डगल्याचा जावा आज दुर्मिळ, आणि त्याचे नकली डगलेहि बाजारांत पुष्कळ. अशा बाहुल्यांच्या हातांतील इवलींशीं शस्त्रें प्रथम हरवतात. त्यांच्या जागीं नवीन घडविलेलीं शस्त्रें बसविलेलीं असतात. बाहुलीच्या पायावर कोरलेला सन हा स्वामित्वहक्काचा असतो, ती घडविल्याचा नव्हे, हेंहि ध्यानांत असावें. वस्तु पूर्ण आहे काय आणि तिचे सर्व भाग मूळचेच आहेत काय, हे दोन प्रश्न विचारल्यावांचून पैसे देऊं नयेत. एकदां घरीं आणल्यावर 'पदरीं पडलें पवित्र झालें' असें म्हणण्याखेरीज गत्यंतर उरत नाहीं.

भाव करण्याचीहि एक रीत आहे. विक्रेत्याच्या मालास नांवें ठेवून भाव उतरत नाहीं. उलट तो दुखावतो. पांच-दहा वस्तु एकत्र निवडून, रोख पैसे हातीं धरून, "या सर्वांचें मिळून काय घ्याल?" असें नम्रपणें विचारणें हाच प्रशस्त मार्ग होय. व्यापाऱ्याच्या नजरेंतून निसटलेला मोलाचा अंक एका डॉलरास घेण्यांत गैर कांहीं नाहीं. तो आपल्या धंद्यांत जाणता आहे आणि तो भाव त्यानेंच लिहिला आहे. परंतु कधींकधीं एखाद्या घरचीं माणसें दिवंगत आप्ताच्या पेट्या विकावयास आणतात आणि त्यांस त्यांतलें कांहींच कळत नसतें. अशा वेळीं जाणता ग्राहक मौन धरून लक्षाची वस्तु कवडीमोलानें नेईल, तर ती चतुराई नव्हे, अजाणाची लूट होय. शौकिनाची खरी परीक्षा अशाच प्रसंगीं होते.

हा सर्व विषय परदेशचा, म्हणून मराठी कुटुंबांनीं त्याकडे दुर्लक्ष करावें असें नाहीं. भारतांत २०११ सालीं दिल्लीस कॉमिक कॉन भरूं लागला आणि पुढें मुंबईसहि असे मेळे झाले. परंतु खरा संबंध त्याहून जुना आहे. मार्च १९६४ मध्यें मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया' संस्थेनें 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलें. ली फॉक यांचा फँटम त्यांत 'वेताळ' या नांवानें मराठींतहि अवतरला आणि १९९० पर्यंत, मालिका बंद पडेतों, घरोघरीं वाचला गेला. ते अंक मुलांनीं वाचले, एकमेकांस दिले, आणि शाळा सुटल्यावर ते रद्दीवाल्याच्या तराजूंत गेले. अमेरिकेंत १९३८ च्या अंकांचें जें झालें, तेंच येथें झालें, आणि म्हणूनच जुने, पूर्ण, सुस्थितींतील अंक आज संग्राहक शोधीत फिरतात. खेळण्यांचेंहि तसेंच. गोव्यांत कारखाना असलेल्या फनस्कूल कंपनीनें हॅस्ब्रोच्या परवान्यानें 'जी. आय. जो' चे सैनिक भारतांत काढले. त्यांपैकीं कित्येकांचे रंग मूळ अमेरिकन सैनिकांहून निराळे होते. त्या विचित्र रंगांसाठींच परदेशचे संग्राहक आज तीं भारतीय खेळणीं मागतात.

तेव्हां घराच्या माळ्यावरील जुनी ट्रंक रद्दींत देण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावी. आंत अंक आढळल्यास त्यांस चिकटपट्टी लावूं नये, रबराच्या पट्ट्यांनीं आवळूं नये. हा कागद मुळांतच हलका आणि आम्लयुक्त असल्यानें उजेडांत पिवळा पडतो. आणि कोंकणपट्टीच्या पावसाळी हवेंत त्यास बुरशी व कसर यांचें भय अधिक. कोरड्या, काळोख्या जागीं, मागें ताठ पुठ्ठा देऊन ते उभे ठेवावे. त्यांतून धनलाभ होईलच असें नाहीं. बहुधा होणार नाहीं. परंतु एका पिढीच्या बालपणाची खूण पुढल्या पिढीच्या हातीं सुरक्षित पडेल. जो या वस्तु आवडीनें जाणून घेतो, त्यासच त्या स्वस्त मिळतात. आणि जो केवळ भाव वाढण्याची वाट पाहत बसतो, त्यास १९९१ च्या त्या गठ्ठ्यांप्रमाणें बहुधा कागदच उरतो.