सौर बॅटरी घेण्यापूर्वी थोडा हिशेब

अफजलपूर तालुक्यात उन्हाला तोटा नाही. तोटा आहे तो रात्रीच्या विजेला. दिवसाचे ऊन बॅटरीत साठवून रात्री वापरावे, हा विचार चांगलाच आहे. परंतु बॅटरी नेमकी कशासाठी हवी हे आधी ठरले नाही, तर पैसा वाया जातो.

बिल वाचवण्यासाठी म्हणाल, तर कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेखाली, पूर्वीच्या सरासरी वापराच्या हिशेबाने, महिना २०० युनिटांपर्यंत घरगुती वीज मोफत मिळते. ज्या घराचे बिल शून्य येते, तिथे बॅटरी काय वाचवणार? पलीकडे अक्कलकोटच्या सोयऱ्यांचा हिशेब निराळा. आपल्याकडे बॅटरी घ्यायची ती लाईट गेल्यावर घर अंधारात राहू नये, एवढ्यासाठीच.

आणि इथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पॅनेलला अनुदान आहे; दोन किलोवॅटला ६०,००० रुपये. मात्र ती पॅनेले विजेच्या तारेला जोडलेली असतात. तारेतली वीज गेली की भर दुपारीसुद्धा ती बंद पडतात. हा बिघाड नव्हे. खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या घरच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून तशी योजना केलेली असते. त्या वेळीही घर चालावे असे वाटत असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर ठरते, बॅटरीचा खर्च आपला आपण करायचा.

आता बॅटरी केवढी घ्यावी? ९ वॅटचे तीन दिवे आणि ७५ वॅटचे दोन पंखे पाच तास चालले, तर ८८५ वॅट-तास वीज लागते. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासाची बॅटरी १,८०० वॅट-तासांची भरते, पण शिसे व आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये. शिवाय इन्व्हर्टरही थोडी वीज खातो. म्हणजे ती जेमतेमच. तेच पंखे नव्या बीएलडीसी जातीचे, ३० वॅटचे घेतले तर एकूण गरज ४३५ वर येते. तेव्हा मोठ्या बॅटरीआधी पंखे बदलावेत असे आमचे स्पष्ट मत आहे. घरात प्राणवायूचे यंत्र लागणारा रुग्ण असेल तर मात्र त्याचा हिशेब वेगळा धरावा; ते एकटेच ३०० वॅट किंवा त्याहून अधिक घेते.

भीमाकाठच्या शेतकऱ्यांनी पाच अश्वशक्तीचा पंप बॅटरीवर चालवण्याच्या नादी लागू नये. तासाभरात तो ३,७०० वॅट-तासांहून अधिक ओढतो. सौर पंप दिवसा चालवून पाणीच हौदात साठवावे. विजेपेक्षा पाणी साठवणे कितीतरी स्वस्त.

बॅटरीच्या जाती मुख्यतः दोन. शिशाची ट्युब्युलर बॅटरी स्वस्त व ओळखीची, पण तिला वेळोवेळी शुद्ध पाणी घालावे लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटची महाग, पण ती बरीच अधिक वर्षे टिकते आणि ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते. तिला चालणारा चार्जर इन्व्हर्टरमध्ये आहे का, हे दुकानदाराला आधी विचारावे. आपल्या भागातला उन्हाळा मात्र दोघींचाही वैरी. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना शिशाच्या बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. म्हणून पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. माळवदाच्या घरात, सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवावी.

शिशाची बॅटरी झोपण्याच्या खोलीत नको. भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. जवळ बिडी, चूल, उदबत्ती नसावी. आम्ल अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान वीस मिनिटे धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे. चुना, हळद काही लावू नये. जुनी बॅटरी अंगणात फोडू नये, तिच्यातले शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते. ती दुकानदाराला परत द्यावी आणि तिची किंमत नव्या बॅटरीच्या पावतीत वळती करून घ्यावी.