एक मीटर म्हणजे किती हात?

कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी म्हणजे एक हात. ठरवून दिलेल्या मापात तो १८ इंचांचा, म्हणजे सुमारे ४५.७ सेंटिमीटरचा. एका हातात दोन विती, एका वितीत १२ बोटं. म्हणून एक बोट जेमतेम १.९ सेंटिमीटर भरतं. आता मीटर मोजा: दोन हात झाले की साडेआठ सेंटिमीटर उरतात, म्हणजे आणखी साडेचार बोटं!

नऊवारी लुगडं याच हिशेबातलं. वार म्हणजे दोन हात; नऊ वार म्हणजे १८ हात, साधारण ८.२३ मीटर. पण माझा हात ४४ सेंटिमीटरच भरतो. मी मोजलं तर तेच लुगडं पावणेएकोणीस हातांच्या आसपास जातं. घेणाऱ्याचा हात लांब आणि विकणाऱ्याचा आखूड असला की भांडण ठरलेलंच. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तो मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो.

तरी अंगची मापं टाकून देऊ नयेत. दोन्ही हात आडवे पसरले की होते ती वाव, सुमारे १.८ मीटर. बहुतेकांची वाव स्वतःच्या उंचीइतकीच असते. पोहऱ्याचा दोर छातीसमोर ताणत वावेनं मोजता येतो; टेप शोधावी लागत नाही. आज पट्टी घेऊन आपली वीत एकदा मोजून ठेवा. माझी २१ सेंटिमीटर आहे, आणि दुकानात टेबलाची रुंदी पाहताना मी तीच लावते.