कॅम्पाची चित्रे, गल्लीची अक्षरे

बेळगावची जुनी चित्रकार्डे जमवणाऱ्यांच्या संग्रहात सेंट मेरी चर्च, किल्ल्याचा दरवाजा, कॅम्पातले म्हणजे लष्करी छावणीतले झाडांचे रस्ते हटकून भेटतात. गावातली रिसालदार गल्ली किंवा गणपत गल्ली क्वचितच. कार्डे विकत घेणारे बहुतेक पलटणीतले गोरे, त्यामुळे छायाचित्रकारही कॅम्पातच फिरले. म्हणून केवळ चित्रांवरून शहराचा इतिहास मांडणाऱ्यांशी वाद घालावाच लागतो. लिहिलेल्या कार्डाला ‘खराब’ ठरवून कोऱ्यालाच भाव देणाऱ्या मंडळींशी तर जास्तच.

 

खरे बेळगाव आहे ते 1879 साली निघालेल्या एका पैशाच्या साध्या पोस्टकार्डावर. चित्र नाही, फक्त मजकूर. त्यातल्या नावांना पत्ता मिळतो तो गावातल्या संस्थांमधून. 1848 पासूनचे सार्वजनिक वाचनालय हा त्यातला पहिला आधार. ऑक्टोबर 1892 मध्ये स्वामी विवेकानंद रिसालदार गल्लीत भाट्यांच्या घरी उतरले, तेव्हा चित्रकार्डांचा जमाना यायचा होता. ती वास्तू आज रामकृष्ण मिशन सांभाळते, म्हणून तो मुक्काम गावाच्या आठवणीत राहिला. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये इथेच सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केले. नगरपालिकेला जागा हवी झाली आणि 1910 मध्ये कारखाना कुंडलजवळच्या माळावर गेला. बेळगावात मागे उरला किर्लोस्कर रोड. कार्डावर तो पत्ता दिसला की एका गेलेल्या उद्योगाची खूण हाती लागते.

1916 ची होमरूल लीगची स्थापना, 1924 चे गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे काँग्रेस अधिवेशन, ही बेळगावातली प्रकरणे शताब्दीच्या निमित्ताने पुष्कळ सांगून झाली. त्या मानाने इथलेच 1946 चे मराठी साहित्य संमेलन दुर्लक्षित राहते. कादंबरीकार माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राची मागणी तिथे जाहीरपणे पुढे आली, तरी दहा वर्षांनी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. सीमाभागातल्या घरांतली 1956 च्या आसपासची कार्डे म्हणूनच जपायला हवीत. 1919 साली बाबूराव ठाकुरांनी सुरू केलेल्या ‘तरुण भारत’च्या जुन्या अंकांशेजारी ठेवून ती वाचली, की बातमी आणि घरातली काळजी एकत्र दिसते.

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीला तर चित्रकार्डवाल्यांनी विचारलेच नाही. तंबाखूचे हे गाव. वखारीतून भाव, मालाची रवानगी, उधारीचा तगादा कार्डावरूनच चाले.  1981 मध्ये इथेच तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, 6 एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. या भावाच्या झगड्याची पाळेमुळे शोधायची तर वखारीच्या पत्रव्यवहारात शिरावे लागते. त्यातला जुना भाग मोडीत आहे. मोडी वाचणारी पिढी गेली आणि नवी घरे बांधताना वारस ही बंडले रद्दीत घालतात. तारेत ओवलेली पत्रे निपाणीतल्या एखाद्या शाळेने किंवा वाचनालयाने मागून घ्यावीत, मोडीचा वर्ग भरवावा. काम यंदाच सुरू व्हायला हवे.